निवतीला न आलेली 'विराट'

एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे उरलेली वाळूची पट्टी, असं आमचं देवबाग. घरामागच्या माडांतून बाहेर आलं की दक्षिणेकडे खोल समुद्रात निवतीचे खडक दिसतात. रात्री तिथल्या दीपगृहाचा दिवा लुकलुकतो. १ नोव्हेंबर २०१८ ला राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं, की निवृत्त झालेली विमानवाहू नौका 'आयएनएस विराट' याच खडकांजवळ आणून ठेवायची आणि तिचं संग्रहालय करायचं. खर्च ८५२ कोटी. बातमी मी तीनदा वाचली. ज्या जहाजावर माझं तरुणपण गेलं, ते आता माझ्या दारात येणार होतं.

ती आली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये तिला मुंबईहून ओढत गुजरातेत अलंगला नेलं आणि तिथे तोडली. त्या दिवसांत मी दोन वेळा जेवायला बसून ताटावरून उठलो.

मी १९८८ ला नौदलात भरती झालो, ओडिशात 'आयएनएस चिल्का'ला शिकलो आणि २००३ ला पेटी ऑफिसर म्हणून बाहेर पडलो. काम फ्लाइट डेकवरचं: विमानं हलवायची, चाकांना चॉक लावायचे, साखळ्यांनी बांधायची. वाडीतली पोरं भरतीच्या तयारीला लागली की माझ्याकडे येऊन बसतात. त्यांना बोलता बोलता जे सांगत गेलो, ते इथे लिहून काढतो आहे.

१. खाली बघून चालायला शिका.

विमानवाहू नौका म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे आभाळात झेपावणारं विमान येतं. माझ्या डोळ्यांपुढे येतो सकाळचा एफओडी वॉक. उड्डाणं सुरू व्हायच्या आधी डेकवरची सगळी माणसं खांद्याला खांदा लावून डेकच्या रुंदीभर रांगेत उभी राहतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पायाखाली बघत चालत जातात. स्क्रू, तारेचा तुकडा, दोऱ्याचं टोक, रंगाचा पोपडा, जे दिसेल ते उचलायचं. जेट इंजिन हवा खेचतं तेव्हा तिच्याबरोबर डेकवरचं बारीकसारीकही खेचतं. चिमूटभर लोखंडाने इंजिनाची पाती फुटतात, आणि मग विमान आणि वैमानिक दोन्ही जाऊ शकतात.

माझा पहिलाच आठवडा होता. मी चालत गेलो, माझ्या मागून येणारे पेटी ऑफिसर खाली वाकले. त्यांनी माझा हात धरला, पालथा होता तो उताणा केला आणि तळव्यावर एक वॉशर ठेवला. दहा पैशांच्या नाण्याएवढा, एका बाजूने घासून चकचकीत झालेला. माझ्या बुटाच्या ठशातून उचललेला होता, म्हणजे मी त्याच्यावर पाय देऊन पुढे गेलो होतो. ते रागावले नाहीत. "महिनाभर खिशात ठेव," एवढंच म्हणाले. महिनाभर मी जेवताना, झोपताना, डेकवर उभा असताना खिशात हात घालून तो चाचपत होतो. पुढे पंधरा वर्षांत माझ्या पायाखालून काही सुटलं नसेल असं मी म्हणणार नाही, पण नजर मात्र त्या महिन्यात तयार झाली.

देश मोठं जहाज बांधतो तेव्हा त्याला अशी हजारो माणसांची नजरही बांधावी लागते. ती गोदीत मिळत नाही.

२. विकत घेतलेलं जहाज चालवता येतं, पण त्याची नाडी विकणाऱ्याच्या हातात राहते.

आपल्या पहिल्या तिन्ही विमानवाहू नौका परक्यांच्या. पहिली 'विक्रांत' ब्रिटिशांची 'हर्क्युलिस'. दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतली, युद्ध संपल्यावर अर्धवट पडून राहिली, १९५७ ला आपण विकत घेतली आणि ४ मार्च १९६१ ला बेलफास्टला ती आपल्या नौदलात आली. 'विराट' म्हणजे 'हर्मिस'. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. आपल्याकडे आली १२ मे १९८७ ला. मी तिच्यावर पाय ठेवला तेव्हा तिच्या आतल्या कितीतरी पाट्या इंग्लंडातल्या कारखान्यात ठोकलेल्या होत्या. एखादा झडपेचा भाग गेला की तो ज्या कारखान्याने बनवला होता, तो कारखानाच बंद झालेला असायचा. मग आमच्या इंजिन खात्यातली माणसं लेथवर बसून तसा भाग उतरवायची. ते हात मी पाहिले आहेत. रात्री तीनला तेलाने माखलेले, आणि सकाळी आठला जहाज वेळेवर निघालेलं.

चिल्काला आम्हांला शिकवणारे एक जुने मास्टर चीफ १९७१ ला 'विक्रांत'वर होते. चार बॉयलरपैकी एक फुटलेला. वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे डेकवरून वाहणारा वारा कमी. विमानाला उचलायला वारा लागतो, म्हणून जहाज वाऱ्याकडे तोंड करून पूर्ण वेगाने पळवतात. ती लंगडी 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढवले. अलिझे विमानंही लढली. मास्टर चीफ हे सांगताना आवाज चढवत नसत. त्या बॉयलरजवळ उभं राहणाऱ्या माणसांची नावं मात्र एकेक करून घेत.

तिसरी 'विक्रमादित्य', रशियाची 'गोर्शकोव्ह'. २००४ च्या कराराची किंमत ९७ कोटी ४० लाख डॉलर होती. शेवटी ती २३५ कोटी डॉलरवर गेली. २००८ ला मिळायची ती नोव्हेंबर २०१३ ला मिळाली. अर्धं काम झाल्यावर समोरचा किंमत वाढवतो आणि आपल्याला मान डोलवावी लागते, कारण जहाज त्याच्या गोदीत उभं असतं. यात मी रशियाला दोष देत नाही. बाजारात हेच होतं.

३. लोखंडापासून सुरुवात करायची तयारी हवी.

माझे मामा माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते. देशात बांधलेली पहिली मोठी फ्रिगेट 'निलगिरी' १९७२ ला नौदलात दाखल झाली, तिच्यावर त्यांचा हात फिरला होता. सुट्टीत मालवणला आले की ते वेल्डिंगविषयी असं बोलत, जसं आई आंबोळीच्या पिठाविषयी बोलते. रॉड आधी भट्टीत तापवून घ्यायचा, नाहीतर त्यातला ओलावा सांध्यात शिरतो आणि सांधा नंतर आतून तडकतो. जाड पत्रा जोडायच्या आधी पत्र्यालाही ऊब द्यायची. जोडल्यावर सांध्याचा एक्स-रे. फोटोत केसाएवढी रेघ दिसली तरी सगळा सांधा कोरून काढायचा आणि पुन्हा भरायचा. "सांधो खोटा बोलणा नाय," असं मामा म्हणत.

ते मला देशातच, कोचीत बांधलेल्या नव्या 'विक्रांत'च्या वेळी फार आठवले. तिच्यासाठी लागणारं पोलाद आधी बाहेरून, रशियाकडून यायचं होतं. ते मिळेना. मग हैदराबादची संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळा आणि 'सेल' ही सरकारी पोलाद कंपनी यांनी मिळून डीएमआर २४९ हे पोलाद इथेच तयार केलं. भिलाई, बोकारो आणि रूरकेला इथून सुमारे ३०,००० टन पोलाद कोचीला गेलं. पोलाद नवं म्हणजे त्याचे रॉड नवे, त्याची ऊब नवी, वेल्डरांचं शिक्षणही नवं. त्यात वर्षं गेली. पण त्याच पोलादाची पुढे 'कामोर्ता'सारखी जहाजं झाली. त्या वेळी पोलाद बाहेरून सुरळीत आलं असतं, तर आज आपल्याकडे एक जहाज असतं आणि पोलाद नसतं.

सिंधुदुर्ग किल्ल्यात पर्यटकांना नेताना मी त्यांना याच धड्याची एक गोष्ट नेहमी सांगतो. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे जहाजं बांधायला घेतली, तेव्हा पोर्तुगीज कारागीर कामावर ठेवले होते. रुई लैतांव व्हिएगस हा त्यांचा म्होरक्या. वसईच्या पोर्तुगीजांच्या लक्षात आलं की उद्या ही जहाजं आपल्यावरच येतील. त्यांनी आपल्या माणसांना वळवलं आणि ती काम टाकून गुपचूप निघून गेली. महाराजांचं आरमार तिथे थांबलं नाही. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये याच मालवणातून महाराज ८५ गलबतं आणि तीन मोठी जहाजं घेऊन बसरूरच्या स्वारीवर निघाले. गेलेल्यांच्या जागी कोणी हातोडा धरला, त्यांची नावं इतिहासात नाहीत. कोकणातले सुतार, लोहार, आमच्या गाबितांचे, भंडाऱ्यांचे पूर्वज त्यात असणार, असं मी मनाशी धरून चालतो.

४. पाण्यात उतरलं म्हणजे जहाज झालं, असं नाही.

बाबांची होडी नवी झाली तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. नारळ फुटला, गुळखोबरं वाटलं, होडी पाण्यात गेली. मी नाचत होतो. बाबा म्हणाले, "व्हडी पाण्यात लोटली म्हणान झाली नाय, झिला. तिना एक हंगाम काढूक व्हयो." त्या हंगामात ते रोज होडीच्या पोटात हात घालून सांधे चाचपायचे, कुठे पाणी झिरपतंय, कुठला खिळा ढिला झालाय, ते बघायचे, आणि सुट्टीच्या दिवशी मोरीच्या तेलाचा हात फिरवायचे.

'विक्रांत'चा कणा २८ फेब्रुवारी २००९ ला ठेवला, १२ ऑगस्ट २०१३ ला तिचं जलावतरण झालं, ऑगस्ट २०२१ मध्ये ती पहिल्यांदा समुद्रात चाचणीला गेली आणि २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात दाखल झाली. जलावतरणापासून दाखल होईपर्यंत नऊ वर्षं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, इतका उशीर? पण तिच्या पोटात सुमारे २,३०० खोल्या आहेत, १४ मजले आहेत, २,५०० किलोमीटर वीजतारा आहेत. २६२ मीटर लांबीची ती एक नगरपालिकाच आहे, आणि तिच्या छपरावर विमानतळ. पहिले कमांडिंग ऑफिसर कमोडोर विद्याधर हारके यांचं नाव दाखल होण्याच्या सोहळ्यात ऐकलं आणि ओटीवर बसलेल्या आम्हां चौघांची मान आपोआप ताठ झाली.

दाखल झाल्यावरही हंगाम बाकी होता. आमचं सी हॅरियर डेकवर उभंच्या उभं उतरायचं. त्याच्या खालच्या झोताने बरगड्या थरथरायच्या आणि पाय डेकला चिकटल्यासारखे रोवून उभं राहावं लागायचं. 'विक्रांत'वर विमान पळत येतं आणि शेपटीखालच्या आकड्यात डेकवरची तार अडकवून थांबतं. चाकं टेकताच वैमानिक इंजिन कमी न करता पूर्ण जोर देतो, कारण तार हुकली तर पुन्हा उडून जाता आलं पाहिजे. ६ फेब्रुवारी २०२३ ला देशात बनलेलं तेजसचं नौदल रूप असंच 'विक्रांत'वर उतरलं. त्यासाठी गोव्यात दाबोळीच्या 'आयएनएस हंसा'वर जमिनीवरच डेकसारखी तार आणि चढण बांधून किती वर्षं सराव झाला, हे बातमीत दोन ओळींतही नव्हतं.

५. विमानाशिवाय ती रिकामी धावपट्टी आहे.

थायलंडकडे 'चक्री नरुबेत' नावाची विमानवाहू नौका आहे. १९९७ ला स्पेनकडून घेतली. तिची हॅरियर विमानं २००६ ला निवृत्त झाली आणि नवी आलीच नाहीत. आज तिच्यावर हेलिकॉप्टरं उतरतात.

आपलं जहाज आपलं झालं, विमान अजून व्हायचं आहे. मिग-२९के रशियाचं. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सशी २६ राफेल-एमचा करार झाला, तो सुमारे ६३,००० कोटींचा. जहाज चालवणाऱ्या चार गॅस टर्बाइनची मूळ रचनाही अमेरिकेची. 'विक्रांत' ७६ टक्के स्वदेशी, हा आकडा खरा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, पण जहाजाचं काळीज आणि पंख अजून बाहेरचे आहेत, हे पोरांनी विसरू नये. इंजिन बनवणं सगळ्यांत कठीण. तिथे अजून खूप वॉशर उचलायचे आहेत.

६. एकाने भागत नाही.

हा धडा मला सगळ्यांत जास्त लागला. जुनी 'विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. राहिली एकटी 'विराट'. १९९९ मध्ये ती मोठ्या दुरुस्तीला गोदीत गेली आणि २००१ पर्यंत बाहेर आली नाही. त्या काळात देशाकडे समुद्रावर एकही विमानवाहू नौका नव्हती. मी दाबोळीला होतो. विमानं होती, वैमानिक होते, आम्ही होतो, डेक नव्हतं. धावपट्टीवर सराव चालायचा, पण धावपट्टी हलत नाही, डुलत नाही, रात्री काळोखात एका बाजूला कलत नाही.

आम्ही पुन्हा जहाजावर गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून साखळी सुटली. विमान जागेवरच राहिलं, कोणाला लागलं नाही, पण जी साखळी मी डोळे मिटून बांधायचो तिच्यासाठी मला खाली बघावं लागलं होतं. चार नवी पोरं होती, त्यांना शिकवायला जुनी माणसं कमी होती. मधल्या काळात काहींची मुदत संपून ती घरी गेली होती. डेकवरची विद्या वहीत उतरत नाही. हातातून हातात जाते, आणि मधे दोन वर्षं हात सुटले की बराचसा भाग समुद्रात पडतो.

चीनने युक्रेनकडून अर्धवट जहाज घेतलं, ते २०१२ ला 'लिआओनिंग' म्हणून दाखल केलं. त्याच्यावरून शिकून २०१९ ला 'शानडाँग' स्वतः बांधलं, आणि २०२२ ला 'फुजियान' पाण्यात उतरवलं, ज्यावरून विमानं विद्युतचुंबकीय यंत्राने फेकली जातात. एक संपलं की दुसरं सुरू, गोदीतला माणूस रिकामा बसलाच नाही. माझं सगळं बोलणं याच मुद्द्यावर येऊन थांबतं. कोचीच्या गोदीत 'विक्रांत' बांधलेले हात आज तयार आहेत. ते निवृत्त व्हायच्या आत दुसरी बांधायला घेतली पाहिजे. तशीच घेतली तरी चालेल, सुधारून घेतली तर उत्तम.

यावर आक्षेप आहेत आणि ते फालतू नाहीत. एवढ्या पैशात किती पाणबुड्या होतील? दूरवरच्या क्षेपणास्त्रांपुढे एवढं मोठं जहाज टिकेल का? मी ज्या ताफ्यात होतो तिथे 'विराट' कधी एकटी गेली नाही. भोवती विनाशिका, फ्रिगेट, पाण्याखाली पाणबुडी, मागे तेलवाहू नौका. त्या सगळ्यांना दूरवरचं दाखवणारं, वरून येणाऱ्याला अडवणारं विमान हवं, आणि किनाऱ्यापासून हजार मैलांवर ते फक्त तिच्याच डेकवरून उडतं. पाणबुड्याही हव्यातच. पण पाणबुडी व्यापारी जहाजांच्या डोक्यावर छत्र धरू शकत नाही.

७. आरमार जळायला एक दुपार पुरते.

विजयदुर्ग आमच्याच जिल्ह्यात, देवगड तालुक्यात. वाघोटण खाडीत आत गिर्ये गावाजवळ मराठ्यांची जहाजं दुरुस्तीला घ्यायची खडकात खोदलेली गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला काम करायचं. तिच्या काठावर मी तासभर बसलो आहे. कातळ अजून सरळ रेषेत उभा आहे.

कान्होजी आंग्रे १७२९ ला गेले, तोवर इंग्रज, पोर्तुगीज, डच यांना कोकणच्या किनाऱ्यावर आंग्र्यांचं नाव घेऊनच जहाज हाकावं लागे. मग घरात दुही झाली. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांच्यात वैर वाढलं आणि पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचा ताफा विजयदुर्गाच्या तोंडाशी आला. एक तोफगोळा एका जहाजावर पडला, ते पेटलं, आणि शेजारी शेजारी नांगरलेला सगळा ताफा त्याच्यावरून पेटत गेला. पेशव्यांना किल्ला पुढे मिळाला. आरमाराचं ते वैभव परत आलं नाही. पुढच्या आक्रमणाला समुद्रावर अडवायला जे लागलं असतं, ते आपणच जाळायला मदत केली. या गोष्टीचा राग मला अजून येतो, आणि तो येत राहावा असं मला वाटतं.

८. गंजाशी रोज लढाई.

हे थोडक्यात. खारी हवा कोणालाच सोडत नाही. डेकवर आम्ही दिवसाचे कितीतरी तास नुसतं खरवडून रंग लावण्यात घालवायचो. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन आमच्या तारकर्लीला झाला. सुमारे २० युद्धनौका, ४० विमानं. मिग-२९के डोक्यावरून गेलं तेव्हा माझे पाय वाळूत आपोआप रोवले गेले. त्याच दिवशी मालवणच्या राजकोट किल्ल्यात शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. गंजलेल्या नटबोल्टांची चर्चा झाली. त्या संध्याकाळी मी राजकोटला गेलो होतो. पुष्कळ माणसं बोलत नव्हती, नुसती उभी होती. समुद्राकाठी काही उभं करायचं तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे बघणारा माणूस नेमावा लागतो. डेकवर ते आमचं रोजचं काम होतं.

'विराट'च्या जागी पुढे निवतीजवळ 'गुलदार' आणायचं ठरलं. रणगाडे वाहणारी, पोलंडमध्ये बांधलेली लहान नौका, २०२४ ला निवृत्त झाली. तिला समुद्रतळाशी ठेवायचं, भोवती प्रवाळ वाढू द्यायचं आणि लोकांनी पाणबुडीतून, पाण्यात बुडी मारून बघायचं, अशी योजना. २०२५ ला ती विजयदुर्ग बंदरात आणली तेव्हा मी भावाला घेऊन बघायला गेलो. तो आयुष्यभर रापणीवर आणि जाळ्यांवर राहिलेला माणूस. मी त्याला दारं दाखवली, तोफेची जागा दाखवली, रणगाडा पुढून कसा बाहेर पडतो ते हाताने करून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ तिच्या उंचीकडे बघत राहिला.

"किती वावाचा पाणी हा थंय?" त्याने विचारलं.

मी अंदाज सांगितला.

"थंय जाळी अडाकतली नाय मा रे?"

मी खिशातला कागद काढला, निवतीचे खडक, दीपगृह आणि आमची देवबागची खाडी अशी तीन टोकं आखली आणि कुठपर्यंत जाळं टाकता येईल ते त्याला दाखवू लागलो.